फोटोवरून रंग घ्यायचा नाही

भिंतीवरचा फोटो उतरवला तेव्हा त्याच्यामागे आजोबांच्या काळातला मूळ निळा रंग निघाला, चौकोनी आणि अगदी ताजा. बाकीची खोली इतक्या वर्षांत कधी पिवळी, कधी पांढरी, तर एकदा वहिनीच्या हट्टापायी गुलाबीसुद्धा होऊन गेली होती. पण दर वेळी रंगारी आले की आत्या दारात खुर्ची टाकून बसायची, "आईला हात लावायचा नाही" म्हणायची, आणि रंगारी बिचारे मुकाट्यानं फोटोच्या कडेकडेनं ब्रश फिरवून निघून जायचे. या खेपेला मात्र आत्याचाच नाइलाज झाला होता. छताच्या कोपऱ्यातून उतरलेली ओल थेट काचेच्या आत शिरली होती, आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या रंगाचे पोपडे सुटायला लागले होते.

तशी सगळी जमली होती ती नानांसाठी. नाना एकोणऐंशीचे. गेलं वर्षभर त्यांचा हात थरथरत होता, आणि चार केसांच्या ब्रशनं बुबुळातल्या रेघा ओढणाऱ्या माणसाचा हात थरथरणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायला नको होतं. अपघातात, आजारात डोळा गेलेली माणसं या खालच्या खोलीत यायची आणि राहिलेल्या डोळ्याशी जुळणारा खोटा डोळा घेऊन जायची. आजोबांनी सुरू केलेलं काम नानांनी चालवलं, नानांचं आता त्यांची मुलगी घारी चालवणार होती. उद्या सोमवार. उद्यापासून खिडकीजवळची खुर्ची तिची.

"खुर्चीत नंतर बस," आत्यानं आल्या आल्या फर्मान सोडलं. "आधी माझ्या आईचा चेहरा नीट करून दे. भिंत वाळली की आजच्या आज लावायचाय वर."

"करते की."

"आणि हे बघ घारे, जे आहे तेच करायचं. डोळे आहेत तस्सेच तपकिरी. तुझ्यासारखे नको करून ठेवूस."

दादा हसला. हा घारीचा मोठा भाऊ, कामाच्या वेळा आणि पत्रव्यवहार सांभाळणारा, आत्याच्या प्रत्येक वाक्याला हसून वेळ मारून नेण्यात पटाईत. घारीही हसली. अठ्ठेचाळीस वर्षं हसत आली होती, त्यात आणखी एका हसण्याची भर. 'घारी' हे नाव आत्यानंच ठेवलेलं, बारशाचं नाव बाजूला सारून. पाळण्यात वाकून बघितलं आणि म्हणाली होती, "अगंबाई, ही घारी कुणावर गेली?" ते नाव शाळेत गेलं, कामावर गेलं, दारावरच्या पाटीवरही तेच लागायचं बाकी होतं. आई सोडून सगळे तिला घारी म्हणायचे. आईनं कधीच म्हटलं नाही. आई गेल्याला आता चौदा महिने झाले होते.

घारीनं फोटो टेबलावर आडवा ठेवला, काच काढली. खांद्यावर शाल घेतलेली, तेवीस-चोवीस वर्षांची बाई. मूळ फोटो काळापांढरा. त्यावर आजोबांनी हातानं रंग भरलेले. डोळ्यांच्या कामाला लागण्याआधी आजोबा एका फोटो स्टुडिओत रंग भरायचंच काम करत. ओठ लाल, शाल निळी, डोळे गर्द तपकिरी. या डोळ्यांखाली घारी मोठी झाली होती. लहानपणी ती या खोलीत जमिनीवर बसून नानांनी बाद केलेली बटणं रंगांप्रमाणे लावायची. शर्टाच्या बटणाएवढ्या त्या चकत्या, ज्यांच्यावर बुबुळ रंगवतात. धंद्यात सगळे त्यांना बटणंच म्हणत. काळी इकडे, तपकिरी तिकडे, मधाळ मध्ये. वर मान केली की आजी बघत असायची. टर्पेंटाइनचा वास, खिडकीतला सरळ उजेड, नानांचं हलक्या आवाजात गुणगुणणं आणि वरून आईची "जेवायला चला" ही हाक. तेवढं पुन्हा मिळालं असतं तर घारीनं खुर्ची काय, आख्खी खोली सोडून दिली असती.

"इतकं काय बघतेस?" वहिनीनं चहाचे कप ठेवत विचारलं. वहिनी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मनानं चांगली, फक्त माहीत असलेली गोष्ट तोंडात ठेवून गप्प बसणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

"रंग बघते. मला नेहमी वाटायचं, हिचे डोळे मला का नाही मिळाले."

"तिचे कसे मिळतील?" आत्या म्हणाली. "तू गेलीस आजोळी. तुझ्या आईचे वडील घारे होते, झालं. सगळं आजोळचं उचललंयस, डोळे काय आणि हट्ट काय."

आता हे वाक्य या घरात शंभरदा बोललं गेलं होतं. त्यात टोमणा होता, पण तहही होता. घारी आजोळी गेली, विषय संपला. सगळ्यांनी त्या वाक्यावर पाठ टेकून वर्षानुवर्षं काढली होती. पण वहिनीतल्या शिक्षिकाबाई जाग्या झाल्या.

"नाही हं आत्याबाई, तसं नसतं ते," ती उत्साहानं म्हणाली. "नुसत्या आजोळकडून नाही येत. गडद रंग वरचढ असतो ना, फिका त्याच्याखाली दडून राहतो. आईबाप दोघं तपकिरी आणि लेकरू घारं, म्हणजे ते दडलेलं दोघांकडून आलेलं असतं. इतकं सरळ गणित नाही म्हणा, बऱ्याच गोष्टी मिळून ठरतं, पण साधारण तसंच. दोन्हीकडून लागतं."

"दोन्हीकडून?" आत्यानं कप खाली ठेवला.

"हो ना. म्हणजे नानांकडूनही—"

"आमच्याकडे कुठंय?"

दादाचं हसू या वेळी आलंच नाही. आत्या ब्याऐंशीची, पण आवाज अजून कडक. "आमचे वडील, तपकिरी. ही आई, तपकिरी, समोर आहे बघ. मी, हा माझा भाऊ बाळ. कुणाचे घारे होते आमच्याकडे? सांग ना. तूच म्हणालीस, दोन्हीकडून लागतं. मग आमच्याकडून कुणी दिलं?"

वहिनीच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. "अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं..."

"मग कसं म्हणायचं होतं?"

"ताई, पुरे," नाना खुर्चीतून म्हणाले.

"मी काय बोलले? तुझी सून बोलली!"

खोलीत ओल्या चुन्याचा वास भरला होता. दादा खिडकीबाहेर बघायला लागला. तिथं बघण्यासारखं काहीही नव्हतं. घारीला वाटलं, हे आज ना उद्या यायचंच होतं. लहान असताना जिन्यावर बसून ऐकलेली कुजबुज, आईचं मध्येच स्वयंपाकघरात निघून जाणं, आत्या आली की आईच्या आवाजात येणारा तुटकपणा, हे सगळं तिला कळत होतं. चारचौघांत कुणी उघड बोललं नव्हतं इतकंच. तिला रक्ताचं काही पडलं नव्हतं. तसं बघायचं तर आजकाल थुंकीवरूनसुद्धा कळतं म्हणे. एकच गोष्ट तिला हवी होती, आणि ती सांगणारा माणूस समोर बसला होता, एकोणऐंशी वर्षांचा.

"नाना," ती म्हणाली, "तुम्हाला वाटलं होतं का कधी?"

"घारे, अगं आज कशाला..." दादा म्हणाला.

"तू थांब. नाना, मला फक्त एवढंच सांगा. वाटलं होतं?"

नानांनी थरथरणारा हात दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला. "हो," ते म्हणाले.

नाही म्हणाले असते तर बरं, असं तिला वाटलं. खोटं तर खोटं.

"तू दीड वर्षाची झालीस," नाना म्हणाले, "तोवर मी काही मनात आणलं नाही. मग डोळ्यांचे एक डॉक्टर यायचे आपल्याकडे माणसं घेऊन. आत्ता ही बोलली तेच ते सहज बोलून गेले. त्यांना काय माहीत. पण माझ्या डोक्यात भुंगा शिरला. तुझ्या आईला मी कधी विचारलं नाही. पण तिला कळलं. सहा महिने ती मला वेळेवर जेवायला वाढायची आणि वाढून आत जायची. समोर म्हणून बसली नाही."

"मग?"

"मग काय. तुला तिसरं लागलं. मला घाऱ्या रंगाचा हात नव्हता. आपल्याकडे येणारी बहुतेक माणसं काळ्या-तपकिरी डोळ्यांची, घारा रंग कधी करायलाच लागत नसे. म्हटलं, घरात आहे तर शिकून घेऊ. तुला इथं बसवलं, खिडकीत. कुणालाही सांगतो तेच सांगितलं, सरळ बघ, ओळखीच्या माणसाकडे बघतो तसं. आणि तू बघायला लागलीस." नाना थांबले. "अगं, लहान पोरं दोन मिनिटं बसत नाहीत. तू मध्ये मध्ये उठलीस, चिवडाचिवड केलीस, बटणं तोंडात घातलीस, पण परत परत येऊन बसलीस. चार तास मी तुझ्या डोळ्यांत बघत होतो. आधी राखाडी वाटला रंग. मग कडेला हिरवट. मग कळलं, त्यात वेगळा रंग नसतोच. तोच आपला तपकिरी, फक्त कमी. फार कमी. बाकी सगळा उजेड. बटण पूर्ण झालं, ओल्या डोळ्यासारखं दिसावं म्हणून त्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघितलं, जुळलं. आणि मग लक्षात आलं की जे शोधायला बसलो होतो ते विचारायचं राहूनच गेलं. नंतर कधी आठवण झाली नाही."

आत्या कपातल्या निवलेल्या चहाकडे बघत होती.

"ते बटण तुझ्या आईला नेऊन दिलं," नाना म्हणाले. "ती काही बोलली नाही. पण त्या दुपारी समोर बसून जेवली. बटणाचं पुढं तिनं काय केलं कोण जाणे."

"शिवणाच्या डब्यात होतं," घारी म्हणाली. "शर्टाच्या बटणांत. मला वाटलं, चुकून गेलं असेल."

नानांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले. घारीला रडायला येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींतलं कुठलं आधी करावं हे कळत नव्हतं. आईला हे कुणीतरी विचारायला हवं होतं, तिची माफी मागायला हवी होती. ती संधी चौदा महिन्यांपूर्वी निघून गेली होती. शेवटी तिनं जे तिला येत होतं तेच केलं. काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात बुडवून पिळला आणि फोटोवर वाकली. सुटलेला रंग आधी उचलून घ्यायचा, मग खालचा डाग टिपायचा, मग नवा रंग. हात कामाला लागला की डोकं ठिकाणावर येतं, हे या खोलीत तिला तीन वर्षांची असल्यापासून माहीत होतं.

गालावरचे पोपडे नीट निघाले. डाव्या डोळ्याशी आली, कापूस हलकेच टेकवला, आणि डोळाच निघून आला. गर्द तपकिरी रंग चहाच्या डागासारखा कापसावर पसरला.

"अगं काय केलंस!" आत्या ताडकन उठली. या वयात ती इतक्या झटक्यात उठू शकते हे कुणाला ठाऊक नव्हतं. "पुसलेस? माझ्या आईचे डोळे पुसलेस? मघाचं बोलणं लागलं म्हणून?"

"आत्या, मी मुद्दाम नाही..."

"दुसरं काही नाही माझ्याकडे तिचं! एक फोटो होता! मी तीन वर्षांची होते गं ती गेली तेव्हा, हा बाळ आठ महिन्यांचा. मला तिचा आवाज आठवत नाही, हात आठवत नाही. हेच डोळे होते माझ्याकडे. हेच!"

तिचा आवाज फाटला. आत्याला असं कुणी कधी बघितलं नव्हतं. वहिनी तिला धरायला पुढं झाली. आत्यानं तिचा हात झिडकारला. पण घारीचं लक्ष आता कुणाकडेच नव्हतं. तिनं टेबलावरचं भिंग ओढलं, डोळ्याला लावलं आणि तशीच वाकून राहिली.

"नाना," ती हळूच म्हणाली. "जरा या इकडे."

"काय झालं?"

"खालचा डोळा फिका आहे. फोटोतला, मूळचा. काळ्यापांढऱ्यातसुद्धा कळतंय, नुसता उजेड आहे. आणि तपकिरीच्या खाली आणखी रंग लावून पुसलेत. एकदा राखाडी. एकदा हिरवट. पुसून पुसून कागद खरवडलाय इथं, बघा तुम्ही. कुणीतरी दोनतीनदा रंग जुळवायला बघितला, नाही जमला, आणि शेवटी वर तपकिरी थापून टाकला."

नाना भिंग धरून वाकले. त्यांचा हात हलत होता, म्हणून घारीनं त्यांचं मनगट धरलं. साठ वर्षं डोळे बघितलेल्या माणसाला एक नजर पुरली. ते ताठ झाले, आणि त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच वाक्य.

"फोटोवरून रंग घ्यायचा नाही."

हा या खोलीचा पहिला नियम होता. माणूस समोर असला तरच डोळा करायचा. नातेवाईक फोटो घेऊन आले तर हात जोडून परत पाठवायचं. नानांना तो आजोबांनी शिकवला, घारीला नानांनी.

"बाबा शिकवताना म्हणायचे," नाना सांगत होते, "फोटोवरून करू नकोस, मी एकदा केला, तो चुकला. मी समजायचो, कुणा गिऱ्हाइकाचा. ताई, ते आईचं बोलत होते. ती गेल्यावर भरलेत हे रंग. ती समोर असती तर जमलं असतं त्यांना."

"काहीतरीच," आत्या म्हणाली. पण ती बसली.

"स्टुडिओत फोटोच्या पाठीवर लिहून ठेवायचे ना?" दादाला अचानक आठवलं. "रंग भरणाऱ्याला कळावं म्हणून?"

फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता, पण ओलीनं एक कोपरा आधीच सुटला होता. घारीनं पातळ सुरी आत सारली आणि जीव मुठीत धरून एका कडेनं तो सोडवत नेला. मागे पेन्सिलीची पुसट ओळ होती. वाचलं वहिनीनं, कारण शिक्षिकेचा आवाज तिचा.

"शाल निळी. केस काळे. डोळे घारे."

ती एवढंच वाचून थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ती काही न समजावता गप्प बसली.

घारीच्या मनात आलं, आता आपल्याला आनंद व्हायला हवा. जिंकलो आपण. आईला कुणीतरी हे ऐकवायला हवं होतं. पण तिला हवं ते मघाशीच मिळून गेलं होतं, पुराव्याशिवाय, आणि तेव्हा ते दुखलं होतं नि पुरलंही होतं. या कागदाची आता तिला तशी गरज नव्हती. तिनं मान वर करून आत्याकडे बघितलं. एवढ्या जणांच्या डोळ्यांचे रंग ओळखणारी माणसं, आणि पाऊणशे वर्षं थापलेल्या रंगाकडे बघून शपथा खात होती. आत्या एकदम लहान दिसायला लागली होती.

"मी तिला कधी बघितलंच नाही मग," आत्या शेवटी म्हणाली. "बाळ, रोज नमस्कार केला रे मी. कुणाला केला?"

"ताई..."

"कुणाच्या डोळ्यांत बघत होते मी?" तिनं पदर तोंडाला लावला. मग तो काढला, नाक पुसलं, आणि चाचपडायला लागली. "माझा चष्मा कुठंय?"

"डोक्यावर आहे, आत्याबाई."

आत्यानं चष्मा खाली ओढला. घारीकडे बघितलं, लगेच नजर वळवली, पुन्हा बघितलं. त्या बाईनं जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती आणि आजही ती मागणार नव्हती, हे घारीला स्वच्छ दिसत होतं.

"आता रंग भरू का?" घारीनं विचारलं. "तुला हवे तसे करते. तपकिरी हवे तर तपकिरी."

"हात लावू नकोस त्याला," आत्या म्हणाली. "फोटोवरून रंग घ्यायचा नाही. कळत नाही का एकदा सांगितलेलं?" मग आवाज उतरला. "इकडे ये. खिडकीत बस. बस ना, बघतेस काय."

खिडकीत दोन खुर्च्या होत्या. एक कारागिराची, उद्यापासून घारीची. दुसरी येणाऱ्या माणसाची. घारी त्या दुसरीत बसली, वयाच्या तिसऱ्या वर्षानंतर पहिल्यांदा. सकाळचा सरळ उजेड तोंडावर आला. आत्या तिच्यासमोर कारागिराच्या खुर्चीत बसली आणि नानांसाठी दादानं स्टूल ओढलं. दोन म्हातारी भावंडं गुडघ्याला गुडघा लावून पुढं वाकली.

"तू पण बघून घे, बाळ," आत्या म्हणाली. "तुला तर काहीच आठवत नसणार."

"मी बघितलेत, ताई," नाना म्हणाले. "मला माहीत नव्हतं इतकंच." आणि मग सवयीनं, प्रत्येक माणसाला सांगायचे तसं, घारीला म्हणाले, "सरळ बघ. ओळखीच्या माणसाकडे बघतो तसं."

घारी बघायला लागली. आत्याच्या डोळ्यांत इतक्या जवळून तीही कधी बघायला गेली नव्हती. तपकिरी होते, कडेला वयाची राखाडी रेघ आलेली. खूप वर्षांचं बोलायचं तिच्या ओठांवर आलं होतं, आईच्या वतीनंसुद्धा, आणि ते ती कधीतरी बोलणार होती. पण आत्ता तिच्या डोळ्यांत पाणी भरत होतं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती पापण्या मिटायला गेली.

आत्यानं बोटांनी तिची हनुवटी धरली.

"मिटू नकोस ना गं," ती म्हणाली. "आत्ता कुठं दिसायला लागलीय ती."